कोंडी आधी शोधा, मग सोडवा : टीसीपीचा वेग सुधारण्याची कामाची पद्धत

मुंबईतल्या डेटा सेंटरमधून अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सर्व्हरवर आमचा रोज रात्री बॅकअप जायचा. दोन्हीकडे १ गिगाबिटची लाइन, तिचं बिलही तसंच सणसणीत. पण बॅकअप काही केल्या १२० मेगाबिटच्या वर सरकेना. रात्री अकराला सुरू झालेलं काम सकाळी लोक चहाचा कप घेऊन जागेवर बसले तरी चालूच. डेटा जातो टीसीपीने, म्हणजे इंटरनेटवर डेटा पॅकेट नावाच्या तुकड्यांत पाठवून त्यांची पोच घेणाऱ्या नियमावलीने. वाटेत कोंडी होऊ नये म्हणून किती वेगाने पाठवायचं ते ठरवणारे, म्हणजे कोंडी नियंत्रणाचे, तिचे वेगवेगळे अल्गोरिदम असतात. टीममधल्या एकाने त्यातला एक सुचवला, "बीबीआर लावून टाक, गूगलवाले तेच वापरतात." मी लावलं. फरक शून्य. दुसऱ्या रात्री लक्षात आलं की ते मी व्हर्जिनियाच्या मशीनवर लावलंय. ते तर डेटा घेणारं टोक, आणि कोंडी नियंत्रण हे पाठवणाऱ्याचं काम. कपाळावर हात मारून मुंबईच्या मशीनवर लावलं. तरीही १२०.

अडचण तिसरीकडेच होती. ती कुठं होती ते पुढे येईलच. त्या दोन रात्री वाया गेल्यावर मी एक क्रम ठरवून घेतला, आणि हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. अल्गोरिदम बदलणं त्यात बरंच खाली येतं.

उदाहरणं लिनक्सची आहेत. आज्ञा आणि सेटिंगांची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची.

थोडी पूर्वपीठिका, कारण तिच्याशिवाय आकडे कळत नाहीत

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचं. त्या दुव्याचा वेग एकाएकी ३२ किलोबिटवरून सेकंदाला ४० बिटांवर आला. आठशेपट घसरण! तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. पोच वेळेत येत नाही म्हणून प्रत्येक मशीन तीच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होतं, त्यामुळे रांग आणखी फुगत होती, त्यामुळे पोच आणखी उशिरा येत होती. जॉन नेगल यांनी असं घडू शकतं हे १९८४ मध्येच लिहून ठेवलं होतं. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी त्यावर काढलेला तोडगा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही आपण त्याच्याच नातवंडा-पतवंडांवर जगतोय.

तोडगा असा : पाठवणाऱ्याने एक आकडा स्वतःजवळ ठेवायचा, कन्जेशन विंडो. पोच न आलेली जास्तीत जास्त किती पॅकेट एका वेळी वाटेत असू द्यायची, तो हा आकडा. सुरुवातीला तो दर फेरीला (पॅकेट जाऊन त्याची पोच परत येईपर्यंतचा वेळ म्हणजे एक फेरी) दुप्पट होतो. याला 'स्लो स्टार्ट' म्हणतात. नाव ज्याने ठेवलं त्याला विनोदाचं अंग असावं, कारण दुप्पट-दुप्पट होण्यात हळू असं काहीच नाही. पॅकेट गळालं की आकडा खाली आणायचा, मग पुन्हा जपून वाढवायचा.

पुढचे अल्गोरिदम म्हणजे 'किती खाली' आणि 'किती जपून' यांची वेगवेगळी उत्तरं. रिनो निम्म्यावर येतो आणि दर फेरीला एका पॅकेटने वाढतो. क्युबिक तीस टक्के कमी करतो आणि मग फेऱ्या न मोजता घड्याळाकडे बघून वाढतो, त्यामुळे लांबच्या दुव्यांवर तो फार मागे पडत नाही. लिनक्समध्ये २००६ पासून क्युबिकच आपोआप लागू असतो. गूगलने २०१६ मध्ये आणलेला बीबीआर गळतीकडे बघतच नाही (निदान पहिल्या आवृत्तीत तरी). तो दुव्याचा वेग आणि कमीत कमी फेरीचा वेळ सतत मोजतो आणि तेवढ्याच मापाने पॅकेट सोडतो.

इतकं पुरे. आता कामाला लागू.

पायरी १ : पाइपात मावतं किती, ते कागदावर काढा

मशीनला हात लावण्याआधी एक गुणाकार करायचा. दुव्याचा वेग गुणिले फेरीचा वेळ. आमच्या मुंबई-व्हर्जिनिया दुव्याची फेरी साधारण २०० मिलिसेकंदांची. १ गिगाबिट गुणिले ०.२ सेकंद म्हणजे २० कोटी बिट, म्हणजे २५ मेगाबाइट. याचा अर्थ, लाइन पूर्ण भरायची तर कोणत्याही क्षणी २५ एमबी डेटा समुद्राखालच्या केबलमध्ये तरंगत असला पाहिजे आणि त्याची पोच अजून आलेली नसली पाहिजे. दीड हजार बाइटच्या पॅकेटांत मोजलं तर जवळजवळ १७ हजार पॅकेट.

हा आकडा समोर ठेवला की बरीच कोडी बसल्या जागी सुटतात. जोडणी सुरू होते तेव्हा लिनक्स १० पॅकेटांनी सुरुवात करतो. दहाचे सतरा हजार व्हायला साधारण अकरा वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे अकरा फेऱ्या, म्हणजे सव्वादोन सेकंद. म्हणून तीन सेकंदांची वेगचाचणी लांबच्या दुव्यावर निरर्थक. किमान ३० सेकंद चालवा आणि सुरुवातीचे पाच सेकंद हिशेबातून वगळा. आयपर्फ३ या वेग मोजायच्या साधनात त्यासाठी मोठ्या 'ओ'चा पर्याय आहे.

उलट बाजूही बघा. १०० केबीची फाइल म्हणजे सुमारे ७० पॅकेट. पहिल्या फेरीत १०, दुसरीत २०, तिसरीत ४०. झालं, संपली फाइल. अशा छोट्या फाइलींचं संकेतस्थळ हळू चालत असेल तर क्युबिक की बीबीआर हा वादच फोल आहे. तिथं फेरीचा वेळ कमी करायचा, म्हणजे सर्व्हर किंवा त्याची नक्कल वाचकाच्या जवळ आणायची. आणि जोडणी मध्येच रिकामी बसत असेल तर 'टीसीपी स्लो स्टार्ट आफ्टर आयडल' हे सेटिंग शून्य करून बघायचं, नाहीतर थोडा वेळ शांत राहिलेली जोडणी पुन्हा दहापासून पाढे म्हणायला लागते.

पायरी २ : अडवतंय कोण, ते जोडणीलाच विचारा

लोक ही पायरी वगळतात आणि थेट सेटिंगांना हात घालतात. मीही तेच केलं होतं.

डेटा चालू असताना पाठवणाऱ्या मशीनवर 'एसएस' ही आज्ञा 'टी' आणि 'आय' हे पर्याय जोडून चालवा. प्रत्येक जोडणीखाली आकड्यांची एक लांबलचक ओळ येते, बघूनच माणूस दचकतो. त्यातल्या कामाच्या गोष्टी मोजक्याच असतात. आमची ओळ (पुन्हा क्युबिकवर आल्यावर, बाकीचा पसारा काढून) अशी होती :

क्युबिक, आरटीटी २०३/०.४, सीडब्ल्यूएनडी ५१२०, डिलिव्हरी रेट १२० एमबीपीएस, बिझी ६००१२ एमएस, आरडब्ल्यूएनडी लिमिटेड ५७४०० एमएस (९५.६%)

आरटीटी म्हणजे फेरीचा वेळ, सीडब्ल्यूएनडी म्हणजे कन्जेशन विंडो, आरडब्ल्यूएनडी म्हणजे घेणाऱ्याने जाहीर केलेली विंडो. 'रिट्रान्स' हा आकडा ओळीत नाहीच, म्हणजे एकही पॅकेट पुन्हा पाठवावं लागलेलं नाही, वाटेत कोंडी नाहीच. आरटीटी २०३ आणि त्याची चढउतार अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी, म्हणजे रांगही साचलेली नाही. आणि 'आरडब्ल्यूएनडी लिमिटेड' ९५.६ टक्के : साठ सेकंदांपैकी सत्तावन्न सेकंद मुंबईचं मशीन पाठवायला तयार बसलं होतं आणि व्हर्जिनियाचं मशीन "थांब, माझ्याकडे जागा नाही" म्हणत होतं. बिचारा क्युबिक ५१२० पॅकेट सोडायला तयार होता, त्याला कोणी विचारतच नव्हतं. तिथं बीबीआर लावून काय होणार?

या ओळीत चार तऱ्हा दिसू शकतात.

'आरडब्ल्यूएनडी लिमिटेड'चा टक्का मोठा असेल तर घेणाऱ्याचा बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) अपुरा आहे, किंवा घेणारा प्रोग्रॅम डिस्कवर लिहिण्यात मागे पडतोय. 'एसएनडीबफ लिमिटेड' मोठा असेल तर पाठवणाऱ्याचा बफर अपुरा. 'ॲप लिमिटेड' असा शब्द दिसला तर प्रोग्रॅम स्वतःच पुरेसा डेटा देत नाही. नेटवर्कला दोष देऊ नका. यातलं काहीच नसेल आणि रिट्रान्स वाढत असेल, तरच कोंडी नियंत्रणाचा प्रश्न आहे.

'ॲप लिमिटेड'चा एक नेहमीचा गुन्हेगार सांगून ठेवतो : एसएसएच, दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्रॅम. ओपनएसएसएच टीसीपीच्या वर स्वतःची वेगळी विंडो चालवतो आणि ती साधारण २ एमबीची असते. २ एमबी भागिले ०.२ सेकंद, म्हणजे सेकंदाला १० एमबी, म्हणजे ८० मेगाबिटच्या आसपास. एससीपीने किंवा एसएसएचवरून आरसिंकने फाइली पाठवणारे लांबच्या दुव्यावर याच आकड्याभोवती अडकतात आणि शिव्या लाइनवाल्याला देतात. पिट्सबर्ग सुपरकम्प्युटिंग सेंटरने एचपीएन-एसएसएच ही सुधारित आवृत्ती नेमकी यासाठीच काढली. ती बसवायची नसेल तर फाइली चार-सहा समांतर जोडण्यांत वाटून पाठवा.

पायरी ३ : बफर मोठे करा, पण हिशेबाने

लिनक्समध्ये 'टीसीपी आरमेम' आणि 'टीसीपी डब्ल्यूमेम' या सेटिंगांत तीन-तीन आकडे असतात : किमान, सुरुवातीचा आणि कमाल. आपल्याला फक्त तिसऱ्याशी कर्तव्य आहे. घेण्याच्या बफराची कमाल बहुतेक वितरणांत ६ एमबी आणि पाठवण्याची ४ एमबी असते. सहापैकी साधारण निम्मी जागा कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) स्वतःच्या हिशेबात जाते, विंडो म्हणून जाहीर होते ती ३ एमबी. आता ३ एमबी भागिले ०.२ सेकंद करून बघा. १२० मेगाबिट! माझा दोन रात्रींचा भुताटकीचा आकडा.

लागणार होते २५ एमबी. निम्मी जागा जाते म्हणून ५०, आणि थोडा हात सैल सोडून दोन्ही टोकांना ६४ एमबी कमाल ठेवली. मधला, म्हणजे सुरुवातीचा आकडा मात्र वाढवू नका. तो वाढवला तर हजारो छोट्या जोडण्या असलेल्या सर्व्हरवर स्मृती उगाच अडकते. कमाल वाढवली तर कर्नल गरजेपुरताच बफर वाढवतो.

इथं एक चोरवाट आहे. काही प्रोग्रॅम स्वतःच बफराचा आकार ठरवून मागतात. ज्या क्षणी प्रोग्रॅम असं मागतो त्या क्षणी कर्नलची आपोआप वाढवण्याची सोय त्या जोडणीपुरती बंद पडते. जुन्या कोडमध्ये "वेगासाठी" म्हणून कोणीतरी २५६ केबी लिहून ठेवलेलं असतं. ती ओळ काढून टाकणं हीच सुधारणा ठरते.

बफर वाढवल्यावर आमचा वेग तिपटीच्या आसपास गेला आणि मग 'एसएस'च्या ओळीत पहिल्यांदा रिट्रान्सचे आकडे दिसू लागले. आता खरा अल्गोरिदमचा प्रश्न आला.

पायरी ४ : गळती कुठल्या जातीची आहे?

सगळी गळती सारखी नसते. पॅकेट गळण्याआधी आरटीटी वाढत जात असेल तर वाटेतली एखादी रांग भरतेय आणि ओसंडतेय. ही खरी कोंडी. आरटीटी जागच्या जागी आणि तरी पॅकेट गळतायत, तर दोनच शक्यता : दुवा खराब आहे (वाय-फाय, जुनी तार, मळलेला फायबर कनेक्टर), किंवा वाटेत कोणीतरी ठरावीक वेगाच्या वरची पॅकेट सरळ फेकून देतोय. क्लाउडमधल्या छोट्या मशीनांवर आणि काही लीज्ड लाइनींवर अशी मर्यादा नेहमी असते.

तपासायला दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग (छोटं पॅकेट जाऊन यायला किती वेळ लागतो ते सतत दाखवणारी आज्ञा), दुसरीत डेटा. पिंगचा आकडा डेटा सुरू झाल्यावर चढतो का, एवढंच बघायचं.

जुन्या पद्धतीच्या अल्गोरिदमला किरकोळ गळतीही किती महागात पडते याचं एक सूत्र १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी मांडलं. पॅकेटचा आकार भागिले फेरीचा वेळ, गुणिले १.२२, भागिले गळतीच्या प्रमाणाचं वर्गमूळ. दहा हजारांत एक पॅकेट गळतंय असं धरा. १० मिलिसेकंदांच्या फेरीला रिनो १४० मेगाबिटपर्यंत जातो. तीच गळती, फेरी २०० मिलिसेकंदांची : फक्त ७ मेगाबिट. क्युबिकचं सूत्र वेगळं आहे. तिथं १८ मेगाबिटच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे दहा हजारांत एक गळालं तरी गिगाबिटच्या लाइनीचा पन्नासावा भागही हाती लागत नाही.

लांब फेरी आणि कोंडीशिवायची गळती : बीबीआर कमाल करतो तो इथं.

लावायची पद्धत. आधी 'टीसीपी अव्हेलेबल कन्जेशन कंट्रोल' हे सेटिंग वाचा. यादीत बीबीआर नसेल तर 'टीसीपी बीबीआर' मॉड्यूल चढवा. कर्नल ४.९ किंवा पुढचा हवा. मग लगेच सगळ्या मशीनला लावू नका. आयपर्फ३ मध्ये मोठ्या 'सी'च्या पर्यायाने एका चाचणीपुरता अल्गोरिदम निवडता येतो. पाच चाचण्या क्युबिकच्या, पाच बीबीआरच्या, एकाआड एक घ्या. सकाळी एक आणि रात्री दुसरा असं करू नका, दिवसाची वेळच निकाल ठरवते. शिवाय लिनक्स जुन्या जोडण्यांचे अनुभव त्या पत्त्यापुरते लक्षात ठेवतो, त्यामुळे दर चाचणीआधी 'आयपी टीसीपी मेट्रिक्स फ्लश' करून पाटी कोरी करा.

फरक पडला तर तो फक्त त्याच वाटेपुरता लावा. 'आयपी राउट'च्या आज्ञेत 'कन्जसीटीएल बीबीआर' जोडलं की त्या एका गंतव्याकडे जाणाऱ्या नव्या जोडण्या बीबीआरने जातात, बाकी सगळं क्युबिकवर राहतं. ही सोय फार कमी लोक वापरतात. मला ती सर्वांत सभ्य वाटते.

सोबत 'एफक्यू' ही रांगव्यवस्था लावा. बीबीआरला पॅकेट ठरावीक अंतराने, एकेक करून सोडायची असतात. ४.१३ पासून कर्नल ते स्वतःही करतो, पण व्यस्त सर्व्हरवर एफक्यू ते काम अधिक नेटकं करतं. यातही एक फसगत आहे. 'डिफॉल्ट क्यूडिस्क' बदललं तरी आधीपासून चालू असलेल्या इंटरफेसवर जुनीच रांग राहते. ती 'टीसी क्यूडिस्क रिप्लेस'ने हाताने बदलावी लागते. तसंच चालू जोडण्या जुन्याच अल्गोरिदमवर राहतात. सेटिंग बदललं, आलेख हलला नाही, म्हणून वैतागून परत फिरवलं, असं करणारे मी पाहिलेत.

वाटेत वेगमर्यादा लावून पॅकेट फेकणारा कोणी असेल तर मात्र बीबीआर हट्टीपणा करतो. पॅकेट गळताहेत, तो ढकलतोय, पुन्हा पाठवायचं प्रमाण वाढतंय. तिथं एफक्यूच्या 'मॅक्सरेट' पर्यायाने प्रत्येक जोडणीला मर्यादेच्या किंचित खालचा वेग बांधून द्या. माझ्या अनुभवात या एका ओळीने जे साधतं ते अल्गोरिदम बदलून साधत नाही.

आणि शेजाऱ्यांचा विचार. बीबीआरची पहिली आवृत्ती सामायिक दुव्यावर फारशी भिडस्त नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की समोर कितीही क्युबिक जोडण्या असल्या तरी एकटी बीबीआर जोडणी दुव्याचा सुमारे ४० टक्के हिस्सा बळकावू शकते. लग्नाच्या पंगतीत एकाच पानावर जिलेबीचं निम्मं ताट रिकामं व्हावं तसं. स्वतःच्या मालकीच्या, रात्री रिकाम्या असणाऱ्या लाइनीवर चालवा खुशाल. पन्नास जणांच्या ऑफिसच्या एकुलत्या एक अपलिंकवर चालवताना दहादा विचार करा. नंतरच्या आवृत्त्यांत गूगलने गळतीचाही हिशेब आणला आहे. वितरणांसोबत येणाऱ्या कर्नलमध्ये मात्र वर्षानुवर्षं पहिलीच आवृत्ती येत राहिली, हे लक्षात ठेवा.

पायरी ५ : घरातली रांग

आता अगदी वेगळी जागा. नाशिकला बहिणीच्या घरी ५० मेगाबिटची फायबर लाइन, अपलोड १० मेगाबिट. रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावला की भाचीचा चेहरा गोठायचा आणि "मामा, तुझा आवाज रोबोटसारखा येतोय." ग्राहक सेवेला फोन केला तर त्यांचा एकच प्रश्न : "सर, स्पीड टेस्ट बरोबर येतेय ना?" येत होती. तिथंच तर मेख होती.

मी पिंग लावून ठेवलं. शांत असताना ९ मिलिसेकंद. मग भाऊजी कामावरून आले, त्यांचा फोन वाय-फायला जोडला गेला, आणि दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढायला लागले. पिंग २००, ४०० करत साडेसातशेवर. फोटो संपले, पुन्हा ९.

हिशेब सोपा आहे. फायबरच्या डब्यात १ एमबीचा बफर आहे असं धरा. १० मेगाबिटच्या अपलोडने तो रिकामा व्हायला ८०० मिलिसेकंद लागतात. क्युबिकसारखा अल्गोरिदम पॅकेट गळेपर्यंत थांबत नाही, म्हणून तो बफर काठोकाठ भरतो, आणि भाचीच्या आवाजाची चिमुकली पॅकेटं त्या सगळ्या फोटोंच्या मागे रांगेत उभी राहतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं. आपण फुगलेली रांग म्हणू.

इथं पाठवणाऱ्या फोनचा अल्गोरिदम आपल्या हातात नाही. रांग मात्र आहे. कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन (तेच १९८८ चे) यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' आणलं. रांगेची लांबी न मोजता ते प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजतं. १०० मिलिसेकंदांच्या काळात हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली आलाच नाही तर पॅकेट फेकून द्यायला सुरुवात करतं. 'एफक्यू-कोडेल' त्यात प्रत्येक जोडणीला स्वतंत्र रांग देतं, आणि 'केक' त्यावर वेगमर्यादा, घरातल्या प्रत्येक उपकरणाला समान वाटा वगैरे सोयी चढवतं.

करायचं काय : ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स प्रणाली) चालणारा राउटर घ्या, त्यात 'ल्युसी ॲप एसक्यूएम' हे पॅकेज बसवा. मेनूत 'एसक्यूएम क्यूओएस' दिसेल. इंटरफेस म्हणून बाहेरच्या लाइनीचा निवडा, घरच्या बाजूचा नाही. रांगव्यवस्था 'केक', स्क्रिप्ट 'पीस ऑफ केक'. लिंक लेअरच्या टॅबमध्ये इथरनेट आणि ओव्हरहेड ४४. हार्डवेअर ऑफलोडिंग बंद करा, नाहीतर पॅकेट केकला वळसा घालून निघून जातात आणि आपण सेटिंग बदलत बसतो.

आता वेगाचे दोन आकडे, आणि सगळं यांच्यावरच आहे. गर्दीच्या वेळी, तारेवरून (वाय-फायवरून नव्हे) वेग मोजा आणि त्याच्या ९० टक्के लिहा. बहिणीकडे मी डाउनलोड ४५ आणि अपलोड ९ लिहिलं. लोकांना इथं जिवावर येतं, पैसे भरून घेतलेला वेग हाताने कमी करायचा म्हणजे काय! पण मर्यादा लाइनीहून किंचित खाली असली तरच रांग फायबरच्या मुक्या डब्यात न साचता आपल्या राउटरमध्ये, केकच्या डोळ्यांसमोर साचते. ९५ पासून सुरू करून पिंग चढायला लागेपर्यंत ढकलून बघायलाही हरकत नाही.

लावल्यावर तीच परीक्षा : फोटो चढताहेत, कॉल चालू आहे, पिंग १४-१५. भाऊजींना फोटो चढायला किती जास्त वेळ लागला ते कळलंही नाही.

पिंग तरीही उड्या मारत असेल तर रांग वाय-फायमध्ये आहे. लॅपटॉप तारेने जोडून बघा. तारेवर शांत आणि हवेत बेचैन असेल तर एसक्यूएमचा दोष नाही, राउटरची जागा बदला किंवा ५ गिगाहर्ट्झवर या.

प्रयोगशाळा बांधताना एक खड्डा

खऱ्या दुव्यावर प्रयोग करणं धोक्याचं वाटत असेल तर 'नेटएम'ने खोटा दुवा बनवता येतो : 'टीसी क्यूडिस्क ॲड', मग 'नेटएम डिले २००एमएस लॉस ०.०१%'. दोन चुका टाळा. पहिली, हे पाठवणाऱ्या मशीनवरच लावू नका. तिथं टीसीपी आणि रांग एकमेकांना ओळखतात आणि निकाल खऱ्या जगासारखे येत नाहीत. मध्ये तिसरं मशीन ठेवा. दुसरी, नेटएमची स्वतःची रांग मुळात १००० पॅकेटांची असते. आपण वर काढलंय, गिगाबिटला २०० मिलिसेकंदांत १७ हजार पॅकेट वाटेत असतात. मग उरलेली सोळा हजार नेटएम गुपचूप फेकून देतं आणि आपण "क्युबिक फारच वाईट" असा निष्कर्ष लिहून मोकळे होतो. 'लिमिट'चा आकडा ३० हजारांवर न्या.

डेटा सेंटरच्या आत कोणी डीसीटीसीपी (डेटा सेंटरसाठीचा टीसीपीचा प्रकार) सुचवेल. चांगलं आहे, पण त्याला स्विचकडून पॅकेटवर कोंडीची खूण हवी असते आणि ते साध्या टीसीपीशी नीट नांदत नाही. स्विच आणि सर्व्हर सगळे तुमच्या ताब्यात असतील तरच. सार्वजनिक इंटरनेटवर कधीही नाही. टीसीपीऐवजी क्विक हा नवा प्रोटोकॉल वापरत असाल तर तिथं कोंडी नियंत्रण कर्नलमध्ये नसून ॲप्लिकेशनच्या लायब्ररीत असतं, त्यामुळे वरचं टीसीपीचं एकही सेटिंग त्याला लागू नाही. लायब्ररीचे पर्याय बघा.

सगळीकडे लावताना

निम्मे सर्व्हर नवे, निम्मे जुने, किमान आठवडाभर. सरासरी बघू नका, शंभरातला नव्व्याण्णवावा ग्राहक काय भोगतोय ते बघा. 'एनस्टॅट'मधून पुन्हा पाठवलेल्या सेगमेंटांचं (म्हणजे टीसीपीच्या पॅकेटांचं) एकूण सेगमेंटांशी प्रमाण रोज टिपा. वेग वाढला पण हे प्रमाण अनेकपट झालं तर तुम्ही कोणाच्या तरी पानातलं ओढून घेताय. आणि सेटिंगच्या फाइलीत प्रत्येक ओळीवर टीप लिहा : कोणत्या दुव्यासाठी, कोणत्या फेरीच्या वेळेवरून काढलेला आकडा, कोणत्या तारखेला.

ही टीप मी ऑफिसात लिहितो. बहिणीकडे लिहिली नाही. त्यांनी मध्यंतरी प्लॅन बदलून १०० मेगाबिटचा घेतला आणि तीन महिन्यांनी तिचा फोन आला, "दादा, कंपनीवाले चक्क फसवतायत. पैसे शंभराचे घेतात आणि येतंय त्रेचाळीस." मी तिला म्हटलं, कंपनीला फोन करू नकोस, पाच मिनिटं थांब.